वर्गातली माणसं, हातातल्या कामावरून (इंजिनिअरिंग कॉलेज)

टू_एच

इंजिनिअरिंगच्या वर्गाबद्दल लिहायचं म्हटलं की तीच चार पात्रं येतात: टॉपर, कट्टेकरी, झोपाळू आणि प्रेमात पडलेला. कुठल्याही कॉलेजात, कुठल्याही शाखेत तीच. त्यात माणूस काही दिसत नाही. साठ जणांच्या वर्गात प्रत्येकाकडे एक खातं आपसूक येतं. ते काम निघालं की सगळे त्याच्याकडेच जातात, आणि ते करायची त्याची एक ठरलेली रीत असते. ती रीत बारकाईने लिहिली की माणूस समोर उभा राहतो.

म्हणून हा धागा. नाव नको, कॉलेज नको, 'आमच्या वेळी' नको. माणूस त्याच्या हत्यारासकट आणा: काय वापरतो, कोणत्या क्रमाने, कुठे बिघडतं आणि का.

सुरुवात शीटवालीपासून.

ग्राफिक्सच्या (इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या) तासाला ती सगळ्यांच्या आधी येते, कारण तिला उजेड डावीकडून येईल असा बोर्ड हवा असतो. उजेड उजवीकडून आला तर पेन्सिलीच्या टोकावर स्वतःच्याच हाताची सावली पडते. शीट लावण्याआधी ड्राफ्टरची, म्हणजे बोर्डाला अडकवलेल्या सरकत्या काटकोनी पट्ट्यांची, परीक्षा. क्लॅम्प घट्ट, डोक्यावरची खूण शून्यावर, मग वर एक आडवी रेघ आणि ड्राफ्टर खाली सरकवून तळाशी दुसरी. दोन रेघांमधलं अंतर दोन्ही टोकांना मोजायचं. डावीकडे ३५० आणि उजवीकडे ३५२ मिलिमीटर आलं तर कुठला तरी सांधा सैल आहे. बाकीचे हे बघत नाहीत आणि मग टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या बरोबर खाली का बसत नाही म्हणून खोडत बसतात.

पेन्सिली तीन. कन्स्ट्रक्शनच्या फिकट रेघांना टू-एच, पक्क्या रेघांना एच, अक्षरांना एचबी. टोक शार्पनरने काढलं तरी शेवटचा हात सँडपेपरवर, आणि रेघ ओढताना पेन्सिल बोटांत हळूहळू फिरवायची, म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही. पक्कं करताना आधी वर्तुळं आणि कंस, नंतर सरळ रेघा. सरळ रेघ कंसाला नेऊन टेकवता येते. आधीच ठाम ओढलेल्या दोन रेघांमध्ये कंस बसवायला गेलं की सांध्यावर पायरी दिसते. तळहाताखाली रुमाल. ग्रॅफाइटची भुकटी फुंकरीने उडवायची, हाताने पुसायची नाही. मापं सगळ्यात शेवटी, बाणाचं टोक लांबीला तीन आणि रुंदीला एक.

शीट मागायला कोणी आलं की ती आधी विचारते, "आयसोमेट्रिक प्रोजेक्शन की व्ह्यू?" आयसोमेट्रिक म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकाच चित्रात दाखवणारी आकृती. उत्तर आलं नाही तर शीट मिळते, पण त्याआधी दहा मिनिटांचा तासही मिळतो. प्रोजेक्शन असेल तर प्रत्येक माप ०.८१६ पटीने घ्यायचं, म्हणजे १०० चे ८१.६. व्ह्यू असेल तर मापं जशीच्या तशी.

जुना_बाक

शीटवाली हुबेहूब. तिच्या त्या दहा मिनिटांत एक भर घालतो, कारण बहुतेक शीट तिथेच चुकतात. गोळा. आयसोमेट्रिक प्रोजेक्शनमध्ये बाकी सगळं ०.८१६ ने लहान होतं, पण गोळ्याची त्रिज्या खरी तीच राहते, कारण गोळा कुठूनही पाहिला तरी तेवढंच वर्तुळ दिसतं. व्ह्यू काढत असाल तर बाकी मापं खरी आणि गोळ्याची त्रिज्या १.२२ पट. ठोकळ्यावर ठेवलेला गोळा त्यात रुतलेला किंवा हवेत तरंगताना दिसला तर गडबड इथेच आहे.

काचेखालची_ट्यूब

शीटवालीनंतर ओघानेच येतो तो जीटीवाला. ग्लास ट्रेसिंगला, म्हणजे काचेखाली उजेड लावून दुसऱ्याची शीट उतरवण्याला, जीटी म्हणतात हे इथे सांगायला नको.

सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याच्या खोलीवर मजला जमतो तो हा. त्याच्याकडे पाच-सहा मिलिमीटर जाडीची काच असते, कडा घासून घेतलेली. पातळ काच हाताच्या दाबाने तडकते, म्हणून खिडकीची काढलेली काच तो घेत नाही. काच दोन खुर्च्यांवर, खाली आडवी ट्यूब. बल्ब नको, एक तर उजेड एकाच जागी पडतो आणि दुसरं म्हणजे उष्णतेने कागद फुगून वर येतो. खोलीतला वरचा दिवा बंद. मूळ शीट खाली, कोरी वर, दोन्हींच्या चौकटीचे चारही कोपरे जुळवून मगच क्लिपा. तीन बाजूंना क्लिपा, चौथी मोकळी, म्हणजे मधूनच वरची शीट उचलून राहिलेलं बघता येतं.

त्याचा क्रमही ठरलेला. सगळ्यात आधी वर्तुळांचे केंद्रबिंदू. मग चौकट आणि एक्स-वाय रेघ (फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यूच्या मधली आडवी रेघ), पण तीही हाताने गिरवत नाही, पट्टी लावूनच ओढतो. गिरवलेली रेघ ट्यूबच्या उजेडात सरळ वाटते, सकाळी खिडकीजवळ धरली की थरथर दिसते. वर्तुळ कंपासनेच.

पकडले जातात ते तीन कारणांनी. पहिलं, शीटवर कंपासचं भोकच नाही. सर शीट उलटी करून बोट फिरवतात, सुईचा फुगवटा लागला नाही की संपलं. दुसरं, पक्क्या रेघा आहेत आणि त्या जिथून आल्या त्या फिकट प्रोजेक्टर (एका व्ह्यूतला बिंदू दुसऱ्यात नेणाऱ्या रेघा) नाहीत. तिसरं, मूळ शीटमधली चूक पाच जणांकडे एकाच जागी. म्हणून हा गडी काचेवर फक्त आराखडा घेतो आणि प्रोजेक्टर, मापं, अक्षरं बोर्डावर येऊन स्वतः करतो. काचेवर अर्धा तास, बोर्डावर दीड.

गुण्या

जीटीवाल्याचं चित्र सुरेख आहे, पण त्याच्या खोलीवर जमलेल्या मजल्याची मला काळजी वाटते. काचेवरून शीट निघते, समोर आकृती कशी फिरली ते डोक्यात शिरत नाही. परीक्षेत पंचकोनी प्रिझम एचपीला (आडव्या प्रतलाला) ३०, व्हीपीला (उभ्या प्रतलाला) ४५ अंश असा आला की काच नसते. ज्याने एका प्रश्नाच्या तिन्ही पायऱ्या एकदा तरी स्वतः काढल्या आहेत त्यालाच पुढची पायरी कुठून सुरू करायची ते सुचतं. बाकी त्या पोराची क्लिपांची युक्ती दाद देण्याजोगी.

माझा माणूस वर्कशॉपमधला. फिटिंगचा वस्ताद.

जॉब नेहमीचा: माइल्ड स्टीलचे ५० बाय ५०, सहा मिलिमीटर जाडीचे दोन तुकडे, एकात चौकोनी खाच, दुसऱ्यात ती खाच भरणारा नर. वर्ग तुकडा मिळताच हॅकसॉ उचलतो. वस्ताद पहिला पूर्ण तास नुसती कानस चालवतो. आधी एक कड सपाट, मग तिला काटकोनात दुसरी. गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून तुकडा उजेडाकडे धरायचा, फट कुठे दिसते ते पाहायचं. या दोन कडा खऱ्या नसतील तर त्यांवरून घेतलेली सगळी मापं खोटी.

कडा जवळजवळ सगळ्यांच्या मध्ये फुगीर आणि टोकांना उतरत्या होतात. कारण साधं आहे. कानस पुढे जाताना सुरुवातीला मुठीकडचा हात जड पडतो आणि शेवटी टोकाकडचा, त्यामुळे कानस झुलते. वस्ताद पुढे जाताना दाब एका हाताकडून दुसऱ्याकडे नेत राहतो आणि मागे येताना दाब काढून घेतो, कारण दाते पुढे जातानाच कापतात. कानशीवर आधी खडू घासतो, म्हणजे कीस दातांत अडकून पृष्ठभागावर ओरखडे पडत नाहीत.

मार्किंगला मोरचुदाचा हात, त्यावर स्क्रायबर, मग रेघेवर डॉट पंचच्या बारीक खुणा. रेघ घासून गेली तरी खुणांचे अर्धे ठिपके शिल्लक राहतात, आणि अर्धा ठिपका दिसला की थांबायचं. खाचेच्या आतल्या दोन्ही कोपऱ्यांत तीन मिलिमीटरचं भोक. ते नसेल तर कानस कोपऱ्यात पोहोचत नाही आणि नर तिथेच अडतो. हॅकसॉचं पातं दाते पुढे करून, आणि काप रेघेच्या आत, एक मिलिमीटर माल ठेवून.

महत्त्वाचं म्हणजे तो नर आधी पुरा करतो, कारण बाहेरचं माप व्हर्निअरने सरळ घेता येतं. मग खाच त्या नराला लावून लावून वाढवायची. दोन्ही तुकडे एकदम मापावर आणायला जाणाऱ्यांचा नर खाचेत खुळखुळतो, आणि गेलेला माल परत येत नाही. वर्कशॉपमधले मामा जॉब उजेडाकडे धरतात, फटीतून प्रकाश आला नाही तर काही न बोलता रजिस्टर पुढे ओढतात.

मल्टीमीटर

यंत्रवाल्यांनी बरीच जागा घेतली, आता इलेक्ट्रॉनिक्सचा डॉक्टर.

प्रॅक्टिकलला अर्धा तास उरला, सीआरओवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या पडद्यावर) नुसती आडवी रेघ, आणि चौघं मिळून आयसी (चिप) बदलतायत. डॉक्टर येतो आणि पहिल्यांदा आयसीवरचे सगळे हात बाजूला करतो. त्याचं म्हणणं, आयसी मेलेला क्वचित असतो, उपाशी बराच वेळा असतो. म्हणून व्होल्टेज पॉवर सप्लायच्या टोकांवर न मोजता थेट आयसीच्या पायावर मोजतो. तिथे शून्य आलं तर ब्रेडबोर्डची (सर्किट खोचून जोडायच्या भोकांच्या पाटीची) कड तपासायची: बऱ्याच बोर्डांवर लाल-निळी पट्टी मध्यावर तुटलेली असते आणि अर्ध्या बोर्डाला सप्लाय पोहोचतच नाही. एक वायरचा तुकडा मध्ये टाकला की अर्धा वर्ग बरा होतो.

दुसरं ग्राउंड. फंक्शन जनरेटर, सप्लाय आणि सीआरओ तिघांचं ग्राउंड एकत्र हवं. नसेल तर पडद्यावर ५० हर्ट्झची गुरगुर दिसते आणि लोक तिला आउटपुट समजून जर्नलमध्ये काढतात. तिसरं, आयसीची खाच कुठल्या बाजूला आहे. चौथं, रेझिस्टर: तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ के (हजार ओहम), तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० के, आणि पिवळट ट्यूबखाली लाल-नारिंगी ओळखणं अवघड, म्हणून तो रंग वाचतच नाही, सर्किटमधून एक पाय बाहेर काढून मीटर लावतो. पाय न काढता मोजलं तर शेजारचे रेझिस्टर समांतर येऊन वाचन कमी दिसतं.

७४१ (सिग्नल वाढवणारा ऑप-अँप आयसी) असेल तर दोन्ही सप्लाय, धन आणि ऋण. ५५५ (टायमर आयसी) असेल तर चौथा पाय लोंबकळत नाही ना, सप्लायला जोडलाय ना, आणि पाचव्या पायावर ०.०१ मायक्रोफॅरॅड. ७८०५ ला (पाच व्होल्ट देणाऱ्या रेग्युलेटरला) बोट लावून पाहतो: १२ व्होल्ट देऊन अर्धा अँपिअर ओढला तर साडेतीन वॅट त्याच्या अंगावर जळतात, हीटसिंक नसेल तर तो तापून स्वतःच बंद पडतो. मग "मघाशी चालत होतं हो" हे वाक्य ऐकू येतं. ते वाक्य ऐकलं की डॉक्टर थेट ७८०५ कडेच जातो.

जुना_बाक

"आयसी उपाशी असतो" हे वहीत लिहून ठेवण्याजोगं.

स्टाफ_चार_मीटर

सिव्हिलतर्फे. सर्व्हेच्या बॅचमध्ये लेव्हलवर (उंची मोजायच्या दुर्बिणीवर) डोळा लावणाऱ्याचा फोटो निघतो. मला लिहायचंय स्टाफ धरणाऱ्याबद्दल.

चार मीटरचा स्टाफ (मापाच्या खुणांची उभी पट्टी) घेऊन दोनशे फुटांवर उन्हात उभा असतो तो. त्याला वाचन दिसत नाही, आकडेमोड कळवली जात नाही, लांबून फक्त हातवारे होतात. पण सगळ्या बॅचचं लेव्हलिंग त्याच्या मनगटावर असतं. चांगला स्टाफवाला टर्निंग पॉइंटला (जिथे स्टाफ ठेवून लेव्हल पुढे हलवतात त्या जागी) मऊ माती निवडत नाही. दगड, पायरी, रस्त्याची कड शोधतो, कारण लेव्हल हलवून परत वाचेपर्यंत स्टाफ दोन मिलिमीटर जरी खचला तरी ती चूक पुढच्या प्रत्येक बिंदूत जाते. उघडताना प्रत्येक टप्प्याची खटकी बसल्याचा आवाज ऐकतो. खटकी न बसता टप्पा थोडा खाली राहिला तर वरची सगळी वाचनं तेवढीच चुकतात.

आणि तो स्टाफ स्थिर धरत नाही, अगदी हळू पुढे-मागे झुलवतो. नवख्यांना वाटतं हात भरून आला. तिरका स्टाफ नेहमी जास्तच वाचन देतो, त्यामुळे झुलताना जे सगळ्यात लहान वाचन येतं तेव्हा स्टाफ सरळ उभा असतो. तेच लिहायचं.

संध्याकाळी त्याच बॅचमधली वहीवाली पुढे येते. बॅकसाइटची (लेव्हल मांडल्यावरच्या पहिल्या वाचनांची) बेरीज वजा फोरसाइटची (हलवण्याआधीच्या शेवटच्या वाचनांची) बेरीज, आणि शेवटचा आरएल (बिंदूची उंची) वजा पहिला आरएल, दोन्ही सारखे आले पाहिजेत. पण ती कॉलिमेशन पद्धतीवर (लेव्हलच्या नजरेच्या उंचीतून प्रत्येक वाचन वजा करण्यावर) समाधान मानत नाही, कारण तिथे मधल्या वाचनांची आकडेमोड या तपासणीत सापडत नाही. राइज अँड फॉलमध्ये (आधीच्या बिंदूपासूनचा चढ-उतार मांडण्यात) मधली प्रत्येक ओळ बेरजेत येते. वेळ दुप्पट लागतो, पण चूक झाकून राहत नाही.

खडूचा_तुकडा

मॅथ्सचं खातं कोणी घेतलेलं दिसत नाही, म्हणून आधी मुंबई विद्यापीठाची एम-थ्री (तिसऱ्या सेमिस्टरचं गणित) शिकवणारी. नंतर तोंडीवाली.

८० गुणांच्या जुन्या पॅटर्नमध्ये पास व्हायला ३२ लागायचे. पहिला प्रश्न सक्तीचा असायचा, उरलेल्या पाचांतले तीन, प्रत्येक २० चा. केटी (राहिलेला विषय) घेऊन आलेल्याला ती आधी पेपरची मांडणीच फळ्यावर दाखवते आणि मग पुस्तक मिटून ठेवायला सांगते. लाप्लास, इन्व्हर्स लाप्लास आणि फोरिअर सिरीज, एवढ्यावर आठवडा. फोरिअरमध्ये ती दोन ठिकाणी थांबते. फंक्शन इव्हन असेल तर साइनचे सगळे सहगुणक शून्य, अर्धं काम वाचतं, म्हणून मुलं फंक्शन पाहिलं रे पाहिलं की इव्हन म्हणून मोकळी होतात. पण ती सोय मध्यांतर शून्याच्या दोन्ही बाजूंना सारखं असेल तरच, उणे π ते π. शून्य ते २π दिलं असेल तर एक्सचा वर्ग पाहून इव्हन म्हणणाऱ्याचं गणित तिथेच बुडतं. दुसरं, काही पुस्तकं पहिलं पद ए-शून्य घेतात, काही ए-शून्य भागिले दोन. क्लासच्या नोट्समधून सूत्र आणि पुस्तकातून मालिका घेतली की ते पद बरोबर दुप्पट किंवा निम्मं येतं. ती म्हणते, एक पुस्तक धरा आणि परीक्षेपर्यंत सोडू नका.

तोंडीवाली वेगळी. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची ओरल असली की ती दाराबाहेर खडू घेऊन उभी असते. नवा, अख्खा खडू दोन्ही टोकांना धरून सरळ पिळायचा, वाकवायचा नाही. तुटतो तो तिरका, ४५ अंशांच्या मळसूत्री कडेने. वाकवत पिळला तर सरळ तुटतो आणि दाखवायचं तेच हरवतं. खडू ठिसूळ, ताणात कमजोर, आणि पिळाचा सर्वांत मोठा ताण ४५ अंशांवर येतो. कास्ट आयर्न तसंच तुटतं. माइल्ड स्टील शिअरमध्ये (थर एकमेकांवरून सरकण्यात) कमजोर, म्हणून पिळलं की आडवं सपाट तुटतं, आणि यूटीएमवर (ओढून तोडायच्या यंत्रावर) ओढलं की कप-अँड-कोन, एका तुकड्याला वाटी आणि दुसऱ्याला शंकू. हे एवढं हातात पाहिलं की एक्स्टर्नलसमोर (बाहेरच्या परीक्षकासमोर) वाक्य अडखळत नाही.

तिचा एकच कडक नियम: समजावून सांगता येत नाही असा शब्द तोंडातून बाहेर काढायचा नाही. पुढचा प्रश्न नेहमी तुमच्या उत्तराच्या शेवटच्या शब्दावर येतो. "टफनेस" म्हणून थांबलात की पुढचा प्रश्न टफनेस आणि हार्डनेसमधला फरक.

टू_एच

अप्रतिम चाललंय. हॉस्टेल राहिलं.

सहा_अँपिअर

हॉस्टेलचा वायरमन. वॉर्डनने नेमलेला नव्हे, मजल्याने मानलेला. हिवाळ्यात सकाळी साडेसहाला अंधार झाला की ज्याचं दार वाजतं तो.

मजल्यावरची कुठली खोली कुठल्या एमसीबीवर (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) आहे हे त्याला पाठ असतं. इमर्शन रॉड १५०० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर. १६ अँपिअरच्या एमसीबीवर दोन रॉड निवांत चालतात. तिसरा लागला की साडेएकोणीस. एमसीबी लगेच पडत नाही, वायर मात्र तापत राहतात, आणि हीच अवस्था त्याला सगळ्यात जास्त खटकते. चौथा लागला की २६, मग थोड्याच वेळात अंधार. म्हणून तो पाळ्या लावून देतो. १५ लिटरची बादली २५ वरून ४५ अंशांवर यायला सुमारे १४ मिनिटं लागतात, दोन-दोन जणांच्या पाळ्यांत अर्ध्या तासात चौघांचं पाणी तापतं.

त्याची सक्ती दोन गोष्टींची. रॉड आधी पाण्यात, खुणेपर्यंत, मग बटण. काढताना आधी बटण, पिन बाहेर, मग रॉड. पाणी तापलं का ते बोट घालून बघायचं तर पिन काढूनच. आणि टेबलाजवळच्या सहा अँपिअरच्या सॉकेटला रॉड लावायचा नाही. साडेसहा आणि सहा यांत फरक थोडा वाटतो, पण सैल पडलेल्या जुन्या सॉकेटमध्ये तेवढ्यानेच प्लास्टिक मऊ होतं. पिन तपकिरी दिसली की तो ते सॉकेट टेप लावून बंद करतो आणि केअरटेकरच्या वहीत नोंद करायला लावतो.

मार्जिन_दीड_इंच

शेवटच्या वर्षाचा ब्लॅक बुकवाला (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल करून आणणारा) आला नाही अजून. प्रोजेक्ट कोणाचाही असो, छापायला हाच जातो.

डावीकडे दीड इंच समास, बाकी बाजूंना एक. बाइंडिंगमध्ये डावी कड शिवणीत जाते आणि उरलेल्या तीन बाजू कटरखाली जातात, त्यामुळे पानाचा आकडा काठाला टेकवून ठेवला तर तो कापला जातो. झेरॉक्सच्या दुकानात वर्डची फाइल कधी नेत नाही. तिथल्या संगणकावर फॉन्ट नसतो, ओळी सरकतात, आकृती पुढच्या पानावर उडी मारते आणि अनुक्रमणिका खोटी ठरते. पीडीएफ, आणि तीही दोन पेनड्राइव्हवर.

क्रम: मुखपृष्ठ, सर्टिफिकेट, ऋणनिर्देश, सारांश, अनुक्रमणिका, आकृत्यांची यादी. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून एक, म्हणजे ऋणनिर्देशात ऐनवेळी पान वाढलं तरी पुढचे आकडे ढळत नाहीत.

सगळे अडतात ते सह्यांवर. आधी बाइंडिंग केलं आणि मग गाइडने सर्टिफिकेटमध्ये बदल सांगितला तर सोनेरी अक्षरांची पुस्तकं फोडावी लागतात. हा आधी एक स्पायरल प्रत गाइडसमोर ठेवतो, त्यावर लाल पेनाच्या खुणा घेतो, दुरुस्त करून सर्टिफिकेटची पानं तेवढी सुटी छापतो आणि गाइड, एचओडी (विभागप्रमुख), प्राचार्य अशा सह्या घेऊनच बाइंडरकडे जातो. प्रती मोजताना गटातल्या माणसांत तीन मिळवतो: गाइड, विभाग, लायब्ररी. आणि सर्टिफिकेटची दोन पानं जास्तीची सही करून घेतो, कारण बाइंडरकडे डिंकाचा हात एखाद्या पानावर पडतोच.

काचेखालची_ट्यूब

गुण्या, तुमचा मुद्दा मान्य. त्या मजल्यावर असाही एक असतो जो काच मागत नाही, शीटवालीकडे जाऊन तिच्या फिकट रेघांच्या क्रमाला एक, दोन, तीन असे आकडे लिहून आणतो आणि त्या क्रमाने कोऱ्या शीटवर काढतो. वेळ जीटीपेक्षा तासभर जास्त. पंचकोनी प्रिझमची तिसरी पायरी त्याला परीक्षेत येते.

गुण्या

त्याच्याबद्दल सविस्तर लिहा. आकडे शीटवर लिहितो की वेगळ्या कागदावर?

काचेखालची_ट्यूब

वेगळ्या कागदावर, हाताने काढलेल्या कच्च्या आकृतीवर. शीटवालीच्या शीटला पेन्सिल लावायची परवानगी कोणालाच नाही.